बायकांनी पोस्टर परत पाठवलं

ताई,

मी ३१ वर्षांची आहे, पुण्यात एका ब्रँडिंग स्टुडिओत सीनियर डिझायनर. रोजचं काम म्हणजे गृहप्रकल्पांची ब्रोशर, मसाल्यांची पाकिटं, दागिन्यांच्या दुकानांच्या जाहिराती. गेली दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेसाठी विनामोबदला काम करते. संस्था ऊसतोड करणाऱ्या बायकांचं आरोग्य आणि हक्क यांवर काम करते.

मागच्या हंगामाआधी मी गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर एक पोस्टर केलं. लाल पार्श्वभूमी, वाकलेली बाई, पोटाच्या जागी कोयत्याच्या आकाराची पोकळी. पुण्यातल्या एका प्रदर्शनात ते लागलं, खूप कौतुक झालं. पण संस्थेच्या ताई ते वाडीवरच्या बैठकीत घेऊन गेल्या तर बायकांनी भिंतीवर लावूच दिलं नाही. गुंडाळी करून परत पाठवलं. एक जण म्हणाली म्हणे, "हे बघून लेकीच्या सासरचे काय म्हणतील?" हे ऐकून मला रडूच आलं. ज्यांच्यासाठी केलं त्यांनाच नको असेल तर मी हे का करते?

त्यात आता आमच्या स्टुडिओला एका साखर कारखान्याच्या सुवर्णमहोत्सवी पुस्तकाचं काम मिळालंय आणि ते माझ्याच टेबलावर आलंय. वाटतं, नोकरी सोडावी आणि पूर्णवेळ हेच करावं. आई म्हणते, फ्लॅटचा हप्ता कोण भरणार? संस्थेकडे पैसे मागायची लाज वाटते, त्यांच्याकडेच कुठे आहेत? काय करू?

— अर्धी डिझायनर, अर्धी कार्यकर्ती, पुणे

*

प्रिय अर्धी-अर्धी,

नोकरी, पैसे, कारखाना हे सगळं पत्रात आहे, पण सगळ्यात जास्त ओळी तू पोस्टरला दिल्या आहेस. म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते. बाकीच्यांची उत्तरं बरीचशी त्यातच आहेत.

आधी माझ्याबद्दल एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे माझं म्हणणं किती धरायचं हे तुला ठरवता येईल. मी डिझायनर नाही. संस्थांची अंदाजपत्रकं, खर्चाची पत्रकं, अहवाल तपासण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे जनजागृतीसाठी छापलेल्या सुंदर साहित्याचे गठ्ठे कुठे पडलेले असतात ते मला चांगलं माहीत आहे: कार्यालयाच्या माळ्यावर, सुतळीसकट. तुझं पोस्टर त्या माळ्यावर न जाता थेट तुझ्याकडे परत आलं, सोबत कारणही आलं. एवढी सरळ दाद फार कमी कामांना मिळते.

बिल्डर तुझा लोगो तीनदा परत पाठवतो तेव्हा तू रडत नाहीस. त्याला तुमच्याकडे 'राउंड' म्हणतात, आणि पुढच्या राउंडचे पैसे कसे लावायचे यावर तू त्याच्याशी वादही घालत असशील. मग वाडीवरच्या बायकांनी एकदा परत पाठवलं तर तो राउंड का नाही? मला वाटतं, मनातून तू त्यांना ग्राहक धरलेलंच नव्हतंस. त्या विषय होत्या. ग्राहक पुण्यात होते, प्रदर्शनात, हातात फोन घेऊन. त्यांना काम आवडलं, म्हणजे काम ज्यांच्यासाठी झालं त्यांच्यापर्यंत ते नीट पोचलं. हे कडू लागेल, पण तू विचारलंस म्हणून सांगते.

आता त्या बाईचं वाक्य परत वाच. ती लाजलेली नाही, मागासलेलीही नाही. तिने तुला धोका सांगितलाय. २०१९ मध्ये हा प्रश्न गाजला तेव्हा राज्य सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. साधारण सहांत एक. म्हणजे बैठकीला तीस बायका बसल्या असतील तर त्यांत चार-पाच जणी तरी तशा असणार, आणि कोण ते वाडीत सगळ्यांना ठाऊक असणार. ते पोस्टर तिच्या घराच्या किंवा समाजमंदिराच्या भिंतीवर लागलं की येणारा-जाणारा त्या चित्रात तिलाच बघणार. पुण्यात त्या पोकळीला 'मुद्दा' म्हणता येतं. तिथे तिला नाव-गाव आहे, आणि घरात लग्नाची लेक आहे.

दुसरी गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल तर मी सांगते. तुझ्या चित्रात बाई आहे, पण तिच्यावर ही वेळ आणणारा कुणीच नाही. नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' धरली जाते. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, त्या जोडीला मिळते आणि ती घेतो नवरा. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, खाड्याचा दंड उचलीतून वळता होतो. फडात ना संडास, ना धुवायला पाणी. पाळीच्या दिवसांत, अंगावरून जातं तेव्हा, कंबर धरते तेव्हाही मोळी उचलायचीच. मग डॉक्टर सांगतो, पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल, काढून टाका. पिशवी काढली की पाळीचा खाडा नाही, असाही हिशोब घरात होतो. या साखळीत मुकादम आहे, कारखाना आहे, डॉक्टर आहे. तू पोकळीला कोयत्याचा आकार दिलास. देखणी कल्पना आहे, मी नाकारत नाही. पण कोयता तिच्या पोटापाण्याचा आहे. तिची पिशवी ज्याने काढली त्याच्याकडे पदवी आहे आणि पावतीपुस्तक आहे, आणि तो तुझ्या चित्रात कुठेच नाही.

अशा नकाराचं काय करता येतं याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण राजस्थानातलं आहे. ऐंशीच्या दशकात तिथल्या महिला विकास कार्यक्रमात अजमेर जिल्ह्यातल्या गावांतल्या बायकांनी कार्यकर्त्यांबरोबर शरीराबद्दलची पुस्तिका करायला घेतली: पाळी, गर्भधारणा, आजार. चित्रांत उघडी बाई, उघडा पुरुष होता. गावातल्या बायका म्हणाल्या, हे खोटं आहे, असं उघडं उभं राहिलेलं माणूस आम्ही कधी पाहिलंच नाही. शहरातल्या माणसाने याला संकोच म्हटलं असतं आणि चित्रं तरी रेटली असती, नाहीतर गाळली असती. त्यांनी दोन्ही केलं नाही. पानावर बाई घागरा-ओढणीत काढली आणि कपड्याचा कागद वर उचलता येईल असा चिकटवला. उचललं की आतलं शरीर दिसतं, सोडलं की झाकलं जातं. वाचणारीने ठरवायचं, केव्हा आणि कुणासमोर उचलायचं. १९८९ मध्ये 'काली फॉर विमेन' या प्रकाशनसंस्थेने 'शरीर की जानकारी' या नावाने ती पुस्तिका काढली आणि कर्त्या म्हणून गावातल्या पंचाहत्तर बायकांना श्रेय दिलं. तो उचलायचा कागद कुठल्याही डिझाइन शाळेत शिकवावा असा आहे, आणि तो आला एका हरकतीतून. तुझ्याकडेही आता एक हरकत आहे, आयती चालून आलेली. तिचं काय करायचं ते त्याच बायकांबरोबर बसून ठरव.

बसून. कारण तुझ्या पत्रातली एक बारीक गोष्ट मला टोचली: पोस्टर संस्थेच्या ताई घेऊन गेल्या. तू तिथे नव्हतीस. तुला नकार कळला तो ऐकीव, 'म्हणाली म्हणे'. तू अर्धवेळ आहेस ही अडचणच नाही. बैठकीत नसतेस, ही आहे.

आता थोडं तुझ्या शहराबद्दल. चळवळीतलं डिझाइन म्हटलं की सगळ्यांना पोस्टर आठवतं, आणि पोस्टरची परंपरा मोठी आहेच. मथुरा या मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात पोलीस निर्दोष सुटले, त्या निकालानंतर १९८० मध्ये मुंबईत बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हापासून हुंडाबळी, मारहाण, बलात्काराच्या कायद्यातल्या दुरुस्त्या या सगळ्याच्या मोर्चांना हाताने रंगवलेली पोस्टरं होती. चंद्रलेखांसारखी मोठी नर्तकीसुद्धा चळवळीसाठी पोस्टरं करायची. पण मला विचारशील तर महाराष्ट्रात बायकांच्या हक्काचं सगळ्यात गुणी डिझाइन पुण्यातच झालं, आणि ते भिंतीवर लागत नाही, गळ्यात अडकवतात.

कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली. कचरा वेचणाऱ्यांत बहुसंख्य बायका, त्याही दलित. रस्त्यावर पोतं घेऊन दिसली की चोर, हे पोलिसांचं आणि वॉचमनचं गणित. पंचायतीने त्यांना ओळखपत्रं दिली आणि १९९५-९६ च्या सुमारास पुणे महानगरपालिकेने ती ओळखपत्रं मान्य केली. फोटो, नाव, संघटनेचं चिन्ह, पालिकेचा शिक्का. बस. त्या तळहाताएवढ्या कागदाने बाईला हटकल्यावर दाखवायला काहीतरी दिलं, आणि कचरा वेचणं हे काम आहे हे सरकारी कागदावर आणलं. पुढे २००८ मध्ये 'स्वच्छ' सहकारी संस्थेचा पालिकेशी करार झाला, त्यामागे ही सगळी वाटचाल आहे.

त्याच बायकांचा लाल ठिपका तू सोसायटीच्या लिफ्टमध्ये पाहिला असशील. वापरलेलं सॅनिटरी पॅड उघडंच कचऱ्यात टाकलं तर ते हाताने वेगळं करावं लागतं. मग सांगितलं: कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. ठिपका दिसला की तो पुडा बाजूला. ना ब्रँड, ना घोषवाक्य, लाल पेन असलं की झालं. अक्षर न वाचणारीलाही कळतं आणि गुंडाळणाऱ्या बाईलाही कमीपणा वाटत नाही. याच बायकांनी २०१३ मध्ये वापरलेले पॅड गोळा करून थेट बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवून दिले होते, तेही एका अर्थी डिझाइनच, जरा तिखट. आठ मार्चला तुमच्या स्टुडिओतून गुलाबी क्रिएटिव्हचा जो पूर येतो तो या ठिपक्याशेजारी ठेवून बघ एकदा.

मग बीडच्या बायकांना काय लागेल? मी ठरवू शकत नाही, तूही नाही. पण माझ्या जुन्या नोकरीच्या सवयीने मी विचारेन, त्यांच्या आयुष्यातले कागद कुणाच्या हातात आहेत? उचलीचा हिशोब मुकादमाच्या वहीत. उसाच्या वजनाच्या पावत्या त्याच्याकडे किंवा नवऱ्याच्या खिशात. ऑपरेशनचे कागद दवाखान्यात, किंवा कुठेच नाहीत. तिच्या हातात काय? कदाचित तिला एक छोटी हिशोबाची वही हवी असेल: किती उचल घेतली, आज किती टन, खाडा लागला का, कुणी लावला. कदाचित दवाखान्यात न्यायचं एकपानी पत्रक हवं असेल: सोनोग्राफीचा रिपोर्ट माझ्या हातात द्या, गोळ्यांनी बरं होणार नाही का, मी आणखी एका डॉक्टरला दाखवून येते. बीडमध्ये खासगी दवाखान्याला अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचं बंधन आलं, पण हे टेबलाच्या अलीकडे बसलेल्या बाईला माहीत नसेल तर त्या बंधनाचा तिला काय उपयोग? ते एक वाक्य तिच्या हातातल्या कागदावर मोठ्या अक्षरात असणं हे तुझ्या लाल पोस्टरपेक्षा मोठं काम आहे. प्रदर्शनात मात्र ते कुणी लावणार नाही.

आणि यात तुझं कौशल्य कमी नाही, जास्तच लागेल. ती वही कोपीत, फडाजवळच्या झोपडीत राहणार, म्हणजे पावसात, धुरात, उशाखाली. ती झेरॉक्स होणार, झेरॉक्सची झेरॉक्स होणार, म्हणून रंगावर काही अवलंबून ठेवू नकोस, एका शाईत सगळं निभलं पाहिजे. अक्षर मोठं आणि मराठी वळणाचं घे. 'मुक्ता'सारखे चांगले देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात, फक्त ल आणि श आपले आहेत ना ते बघ, नाहीतर बाई म्हणेल हे हिंदीतलं आहे. (हे मी एका पत्रकाबद्दल प्रत्यक्ष ऐकलंय.) आणि मुखपृष्ठावर 'ऊसतोड महिला हक्क पुस्तिका' असं ठळक छापू नकोस. मुकादमाच्या समोर ती वही पिशवीतून काढायची आहे तिला. साध्या पाढ्यांच्या वहीसारखी दिसली तर बरं. मोबाइलवर पाठवू म्हणशील, तर फोन बहुधा नवऱ्याकडे असतो हे धरून चाल.

फोटोंबद्दल थोडं. तुझं पुढचं काम फोटोंकडे वळेल, वळतंच. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख पटेल असं काही छापणं हा गुन्हा आहे: भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, पूर्वीचं दंड संहितेतलं २२८-अ, दोन वर्षांपर्यंत कैद. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की नाव टाळलं म्हणून सुटका नाही, गाव, नातं, शाळा अशा आडवाटेनेही ओळख पटता कामा नये. डोळ्यांवर काळी पट्टी मारली की झालं, हा समज तुझ्या व्यवसायात फार आहे, तो काढून टाक. पण कायद्याच्या पलीकडेही एक बाजू आहे. दिल्लीच्या शीबा छाछी १९८० पासून हुंडाविरोधी मोर्चांचे फोटो काढत होत्या, स्वतः चळवळीतल्याच. दहाएक वर्षांनी त्यांना ते फोटो अपुरे वाटायला लागले. मग त्यांनी त्याच कार्यकर्त्यांना विचारलं, तुम्हाला कसं दिसायचंय? जागा, बसणं, सोबतच्या वस्तू बायकांनी निवडल्या. काही फोटोंत त्या आपल्या पुस्तकांसोबत आहेत, काही घरात. मूठ वळलेल्या घोषणेपेक्षा ते फोटो जास्त वेळ बघावेसे वाटतात. फोटो काढायची परवानगी घेतलीस तर ती कशासाठी, कुठे लागणार, किती दिवस, हे सांगून घे, आणि नंतर ती बाई 'आता नको' म्हणाली तर काढून टाक. तुझ्या इन्स्टावरूनही.

आता पैसे. इथे मला लाजबीज काही नाही.

संस्थेकडे पैसे नाहीत हे खरं असेल, पण कशासाठी नाहीत ते बघ. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांना २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आधी ही मर्यादा ५० टक्के होती. त्यामुळे ऑफिसचं भाडं, हिशोबनीसाचा पगार यांतच सगळे कोंडलेत. पण डिझाइन खर्चाच्या त्या सदरात टाकायचंच नसतं. कुठल्याही आरोग्य प्रकल्पात माहिती-साहित्याचं एक सदर असतं, संस्थांच्या भाषेत 'आयईसी'. त्यात बहुतेक वेळा फक्त छपाईचा आकडा असतो, कारण डिझाइन 'कुणीतरी करून देतं'. तो 'कुणीतरी' म्हणजे तू. पुढचा प्रस्ताव लिहिला जाईल तेव्हा तिथे डिझाइनची ओळ टाकायला सांग, आणि तिच्या खाली दुसरी ओळ: वाडीवरच्या चाचणी-बैठकांचा खर्च, बायकांच्या बुडालेल्या मजुरीसकट. देणगीदार बहुधा ही ओळ कापत नाहीत. कुणी टाकतच नाही म्हणून ती दिसत नाही.

आणि आत्ता, पैसे नसतानासुद्धा, बिल दे. पूर्ण दराचं बिल, खाली सवलत, खाली देय रक्कम शून्य का असेना. यातून दोन गोष्टी होतात. संस्थेला आपल्या कामाची खरी किंमत कळते आणि ती पुढच्या देणगीदाराला दाखवता येते. दुसरी तुझ्यासाठी: फुकट काम करणाऱ्याला कुणी 'हे चुकलंय, परत कर' म्हणत नाही. त्या ताईंनी पोस्टर बैठकीला नेण्याआधी त्यांना शंका आली नसेल? आली असणार. पण सुट्टीचे दिवस घालवून मुलीने फुकट केलंय, तिला कसं सांगायचं? तुझ्या औदार्याने त्यांचं तोंड बंद झालं होतं. ते वाडीवरच्या बायकांनी उघडलं, कारण त्यांच्यावर तुझे उपकार नव्हते.

साखर कारखान्याचं पुस्तक. करू नकोस. कारखाना कुठला ते तू लिहिलेलं नाहीस, आणि तो वाईटच असेल असं माझं म्हणणं नाही. पण कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो मी तर फक्त टोळी आणतो, आणि त्या मधल्या फटीत बाई पडते. सुवर्णमहोत्सवी पुस्तकात मोळी डोक्यावर घेतलेल्या हसऱ्या बाईचा पानभर फोटो असणार, तो तुला लावावा लागणार, आणि तेव्हा तू वाडीवर कुठल्या तोंडाने बसणार? 'आत राहून बदल घडवेन' हा विचार आला असेल तर सोड. स्मरणिकेच्या आत बदल घडत नाही, तिथे अध्यक्षांचं मनोगत असतं.

पण नाही म्हणण्याचीही पद्धत असते. तुझ्या बॉसला लेखी कळव, की या उद्योगातल्या मजुरांसोबत मी काम करते, हितसंबंध आड येतात, हे काम दुसऱ्या टीमला द्या. एवढंच. भाषण नको, स्टुडिओने ते काम घेऊच नये असा आग्रह नको. आधी तुझं नेमणूकपत्र काढून बघ, बाहेरची कामं करण्याबद्दल त्यात काय लिहिलंय. बहुतेकांत काहीतरी असतंच. बिनपैशाच्या कामालाही परवानगी मागून ठेव. आणि उलट बाजूनेही स्वच्छ राहा: स्टुडिओत कारखान्याची जी कागदपत्रं नजरेखालून गेली असतील ती संस्थेकडे जाता कामा नयेत, मोह झाला तरी. संस्थेलाही सांगून टाक की असं काम आलं होतं आणि मी नाकारलं. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर त्यांना वेगळं वाटेल.

बॉसने ऐकलंच नाही तर? तर नोकरी बदलायची वेळ आलीय. नोकरी बदलायची, सोडायची नव्हे.

कारण तुझ्या आईचं बरोबर आहे. हप्ता थकलेला कार्यकर्ता संस्थेला भार होतो, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. पूर्णवेळ झालीस की तीच संस्था तुझी एकमेव मालक होईल, आणि मालकाला 'तुमचं हे पत्रक चुकलंय' म्हणणं जड जातं.

एका मुलीबद्दल सांगते, जिने सगळं सोडलं. सिल्विया पँकहर्स्ट. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिष्यवृत्तीवर शिकलेली. १९०७ मध्ये ती इंग्लंड-स्कॉटलंडच्या कामगार वस्त्यांतून हिंडली, साखळ्या ठोकणाऱ्या, मडकी करणाऱ्या, गिरणीतल्या बायकांची चित्रं काढली. आई आणि बहीण बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीच्या पुढारी, त्यामुळे संघटनेच्या सजावटी, बिल्ले, फलक तिच्याकडे. १९०९ मध्ये तुरुंगातून सुटून आलेल्या बायकांसाठी तिने एक पिन केली: संसदेचं जाळीदार दार आणि त्यावर बाणाचं चिन्ह. तो बाण कैद्यांच्या कपड्यांवर छापलेला असायचा. अपमानाची खूण तिने संघटनेच्या जांभळ्या-पांढऱ्या-हिरव्या रंगात दिली आणि बायका ती मिरवायला लागल्या. ती स्वतः तुरुंगात गेलेली, म्हणून तिला हे सुचलं. पुढे ती लंडनच्या पूर्व भागातल्या गरीब वस्तीत राहायला गेली, चित्रं जवळजवळ थांबली, आणि १९१४ मध्ये आईच्या संघटनेतूनही बाहेर पडावं लागलं. युद्धाच्या काळात तिने तिथे बायकांसाठी खेळण्यांचा कारखाना काढला, रास्त मजुरी देणारा, आणि मूळ किमतीत जेवण देणाऱ्या खानावळी. एका जुन्या दारूच्या गुत्त्यात बाळ-बाळंतिणींचा दवाखाना.

तिचं उदाहरण देऊन तुला कुणी म्हणेल, बघ, तिने ब्रश टाकला. मला ते असं दिसतं: ब्रश टाकण्याआधीच ती आतली झाली होती. पिन चांगली झाली ती त्यामुळे. आणि चित्रकार गेली याचं मला वाईटही वाटतं, कारण त्या कामगार बायकांची तिने काढलेली चित्रं फार सुंदर आहेत आणि अशी आणखी असायला हवी होती. तेव्हा त्यागाचा नमुना म्हणून तिच्याकडे बघू नकोस. तू आधी आत जा, ब्रशचं नंतर बघू.

आत जायचं म्हणजे व्यवहारात काय, तर स्टुडिओशी आठवड्याला चार दिवसांचं बोलून बघ, पगार त्या प्रमाणात कमी होईल हे धरून. पाचवा दिवस संस्थेचा. सुट्टीचे दिवस तुझे, झोपायचे. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला पडेपर्यंत याहून मोठं पाऊल नको. त्या पाचव्या दिवशी पहिले काही महिने लॅपटॉप उघडू नकोस. वाडीवर जा, बैठकीत मागे बस, कुणाचा अर्ज लिहून दे, कुणाबरोबर तालुक्याला दवाखान्यात जा. तिथे तुला दिसेल कुठला कागद कुठे अडतो. चहा त्या देतील, घे. पोस्टरबद्दल विचारलंच तर सांग की मीच केलं होतं, आणि काय चुकलं ते त्यांच्याकडूनच ऐक. त्या हसतील बहुतेक.

वेळेचं मात्र भान ठेव. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, वाडीवर म्हातारीकोतारी आणि पोरंच असतात. बैठका होतील त्या पावसाळ्यात. कच्ची वही आषाढात हातात दे, कोऱ्या कागदावर, हाताने आखलेली, म्हणजे खोडायला कुणाला संकोच वाटणार नाही. श्रावणात सुधार, गणपतीनंतर छापायला टाक. उचल उचलली जाते त्याआधी ती त्यांच्या पिशवीत पडली पाहिजे, कारण पहिली नोंद त्याच आकड्याची असणार आहे. कारखान्याच्या पुस्तकाबद्दलचा ईमेल मात्र कुठल्याही हंगामाची वाट न बघता येत्या सोमवारी पाठव.